उग्र खाणे (कोकण किनारा)

उग्र खाणे : ज्यांच्या वासाने, चवीने, बुळबुळीतपणाने किंवा नुसत्या रूपानेच नवखा माणूस ताट सरकवतो, असे पदार्थ व पेये चाखून पाहण्याची आणि पुढे सवयीने आवडीने खाण्याची रीत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत असे पदार्थ पैजेखातर किंवा गंमत म्हणून कोणी खात नाही. ते रोजच्या जेवणातले आहेत. सुकी मासळी, मुशी, निवट्या, कालवे, शेवळे, भारंगी, काजूची बोंडे, माडी ही त्यांतली ठळक नावे. घाटावरून आलेला पाहुणा, मुंबईत वाढलेला नातू आणि नवा जावई हे या खाण्याचे ठरलेले परीक्षार्थी. ‘भावजीनू, जरा खावन तरी बगा’ असे म्हणत मेहुणी वाढते तेव्हा अख्ख्या पंगतीचे लक्ष त्या एका घासाकडे असते.

विचित्र खाण्याची हौस जगभर आहे. स्वीडनमधल्या माल्मो शहरात २०१८ साली किळसवाण्या खाद्यपदार्थांचे एक संग्रहालयच उघडले. तिथे लोक नाक धरून वास घेतात, फोटो काढतात आणि घरी जातात. कोकणात या खाण्याला प्रदर्शनाचे मोल नाही आणि धाडसाचेही फारसे नाही. इथे विचारले जाते ते एवढेच, की अमुक गोष्ट कशाबरोबर, किती शिजवून आणि कोणत्या महिन्यात खायची. जवळपास प्रत्येक उग्र पदार्थाचा उतारा शेजारच्याच झाडावर किंवा फडताळातल्या बरणीत असतो, आणि तो बहुधा आंबट असतो.

नावड जन्मजात किती आणि शिकलेली किती, हा मानसशास्त्राचा जुना विषय आहे. कडू चव नको वाटणे उपजत असते. वनस्पतींतली पुष्कळ विषे कडू असतात आणि माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राहके आहेत. एकाच पदार्थाचा कडवटपणा सर्वांना सारखा लागत नाही, हे १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाला योगायोगाने कळले : प्रयोगशाळेत उडालेली फिनाइलथायोकार्बामाइडची पूड सहकाऱ्याला कडूजहर लागली आणि त्याला स्वतःला काहीच जाणवले नाही. दोन ते सहा वर्षांची मुले नवीन पदार्थाला सर्वांत जास्त बिचकतात. वासाची किळस मात्र बरीचशी घरात शिकलेली असते. म्हणूनच निखाऱ्यावर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याच्या वासाने हर्णैच्या मुलाला भूक लागते आणि पुण्याच्या मुलाच्या घरी खिडक्या उघडल्या जातात. नाहक जळजळ, ठसका, कडवटपणा यांतून सुख घेण्याच्या माणसाच्या खोडीला पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निरुपद्रवी आत्मपीडन असे म्हटले आहे. पोर्तुगीजांमुळे इथे आलेली मिरची आज कोणालाच परकी वाटत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा.

सुकी मासळी हा या विषयाचा गाभा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याआधीच समुद्र खवळू लागतो. त्या दिवसांची तजवीज म्हणून आगोटीच्या खरेदीत बोंबील, जवळा, करंदी, सोडे, वाकट्या, खारा बांगडा घरात येतात. ताजा बोंबील पाण्याने भरलेला, जवळजवळ पारदर्शक आणि हातातून निसटणारा. तो टिकवायचा तर वाळवण्यावाचून गत्यंतर नाही. वसई, उत्तन, सातपाटी, वर्सोवा या भागांत बांबूंच्या वलांडीवर दोऱ्या ताणतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. ना गाठ, ना आकडा. त्यांचे स्वतःचे दातच त्यांना धरून ठेवतात. ऊन आणि खारा वारा मिळून काही दिवसांत त्यांच्या काड्या होतात. याच वाळलेल्या बोंबलाने इंग्रजांनाही चटक लावली होती. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीय मासळीच्या आयातीवर निर्बंध घातले तेव्हा त्यात तोही अडकला आणि ब्रिटनमधल्या शौकिनांनी तो परत मिळावा म्हणून खटपट केली.

समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि हिंवस वास सुटतो तो त्याचा. हे द्रव्य अल्कधर्मी असल्याने आंबटाशी त्याचा क्षार बनतो, आणि मग ते हवेत उडून नाकाशी पोचत नाही. कोकणी बाईने सुकटीत कोकम, चिंच किंवा कैरीची फोड घालण्यामागे हेच रसायन आहे, तिने ते पुस्तकात वाचलेले नसले तरी. जवळा आधी कोरडा भाजतात. ही दोन-तीन मिनिटे नवख्याला सर्वांत जड जातात, कारण वास तेव्हाच चार घरे पलीकडे जातो. त्यानंतर कांदा, मिरची, कोकम पडले की जे उरते ते नाकापेक्षा जिभेचे प्रकरण असते. सुक्या बोंबलाचे डोके-शेपूट मोडून, कोमट पाण्यात भिजवून तो वांगे-बटाट्यात किंवा वालाच्या बिरड्यात घालतात. नवख्याने सुरुवात मात्र सोड्यांपासून करावी. सोललेल्या कोलंबीचा हा सुका प्रकार बराच सौम्य असतो, आणि महागही.

मुशी, म्हणजे सिंधुदुर्गातली मोरी, हा लहान शार्क. त्याच्याबाबतीत नाक मुरडणाऱ्याचे काही चुकत नाही. समुद्राच्या खारेपणाशी तोल राखण्यासाठी शार्क आणि पाकट आपल्या मांसात युरिया साठवतात आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. म्हणून मुशी त्याच दिवशीची हवी. तिची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते; उकळते पाणी ओतून ती खरवडून काढावी लागते. मग मांस हळद-मीठ लावून धुतात आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या, गरम मसाल्याच्या वाटपात मटणासारखे शिजवतात. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. सगळेच शार्क खाण्याचे नव्हेत : व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

खाडीकाठचे खाणे नाकापेक्षा डोळ्यांना अवघड. निवटी हा तिवरांच्या चिखलात राहणारा, ओल्या कातडीतून हवा घेणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा. तो जिवंत विकतात आणि टोपलीत तो उड्या मारत असतो. राखेत किंवा मिठात चोळून अंगावरची बुळबुळ काढली की त्याचे आंबट-तिखट कालवण होते. आगरी-कोळी घरांत त्याला मान आहे, पण खाड्या घाण झाल्यामुळे तो पूर्वीसारखा मिळत नाही. कालवे ओहोटीला खडकांवरून फोडून काढतात. ते काम बहुतेक बायकाच करतात, आणि हाताला शिंपल्यांच्या धारेची कापणी ठरलेलीच. युरोपात हेच कालव लिंबू पिळून कच्चे गिळतात. कोकणात ते कांदा-खोबऱ्यात शिजवूनच खायचे, आणि सांडपाणी मिसळणाऱ्या आजच्या खाड्या पाहता हा हट्ट शहाणपणाचा आहे.

रानभाज्यांत शेवळ्याइतकी हट्टी दुसरी नाही. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती मे अखेरीस-जूनच्या पहिल्या पावसात रायगड, ठाणे, पालघरच्या बाजारांत जुड्यांनी येते. जांभळट कोंब दिसायला देखणे. पण नीट न निवडता शिजवले तर घशात हजार सुया टोचतात. सुया हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. अळू, सुरण, शेवळे यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात आणि तेच जिभेत-घशात रुततात. म्हणून वरची पाने सोलून टाकतात, आतला पिवळा खरखरीत भाग काढून फेकतात आणि उरलेले बारीक चिरून तेलात भरपूर परततात. शेवळेवालीकडेच काकड नावाची हिरवी आंबट फळे असतात आणि ती वेगळी मागावी लागत नाहीत. ‘काकडं घे गं बाय’ म्हणून ती आपणच घालते. काकड वाटून त्याचा रस भाजीत घातला की खाज बसते. वर सोडे किंवा खिमा. कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळाची कणी हा वर्षातून एकदाच जमणारा बेत, आणि त्यासाठी लोक बाजारात ओळखीच्या बाईकडे आधी सांगून ठेवतात. एवढ्या खटाटोपाने हाती येते ती भाजी चवीला खरोखरच मटणाच्या जवळ जाते. शाकाहाऱ्याने तिच्या वाटेला जपून जावे.

कडू भाज्यांचे तंत्र सोपे. भारंगीची पाने व फुले उकळून, पाणी टाकून, घट्ट पिळून घेतात. टाकळ्याचा वास कोवळ्या पानांना कमी असतो, म्हणून तो पहिल्या पावसातच खायचा. तापावरचा किराईताचा काढा मात्र कोणत्याही उताऱ्याने सुसह्य होत नाही. तो मुलांना नाक दाबूनच पाजतात आणि मागाहून गुळाचा खडा देतात.

कडू चाखण्याला धार्मिक मानही आहे. पाडव्याला कडुलिंब सगळा महाराष्ट्र खातो. दक्षिण कोकणात नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट हे रानवेलीवरचे अंड्याएवढे कडूजहर फळ, नरकासुराचे प्रतीक. ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत ते फोडल्यावर त्याचा गर किंवा बी जिभेला लावतात. लहान मुले तोंडे वेडीवाकडी करतात, मोठी माणसे हसतात आणि नंतर पोह्यांचे चार-पाच प्रकार समोर येतात.

पाहुण्याची हमखास फजिती करतो तो तिरफळ. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या आमटीत ही बोरासारखी दिसणारी फळे ठेचून टाकतात. ती स्वादापुरती असतात, चावायची नसतात. चावलीच तर ओठ आणि जीभ काही मिनिटे मुंग्या येऊन बधिर होतात. तिखट नव्हे, वीज लागल्यासारखे. सोलकढीचेही पहिल्या घोटाला असेच होते : रंग सरबताचा आणि चव कच्च्या लसणीची. दुसऱ्या वाटीला बहुतेकांचे मतपरिवर्तन झालेले असते.

पेयांत माडी आणि ताडी. माडाच्या न उमललेल्या पोयीला छेद देऊन रस मडक्यात धरतात. हे भंडारी समाजाचे परंपरागत काम. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. नाहीतर हवेतले यीस्ट कामाला लागते : सकाळी गोडसर, दुपारी फसफसणारी, दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागलेली. तिचा आंबूस वास अनेकांना उलटी आणतो. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत त्याच गुणामुळे फुग्यांचे, म्हणजे तळलेल्या गोल पावांचे, पीठ माडीवर फुगवीत. बाजारू ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे विषारी पदार्थ मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत, तेव्हा ओळखीच्या झाडाखालची सोडून दुसरी पिऊ नये. काजूचे बोंड टॅनिनमुळे घसा धरते. ते मीठ लावून खातात आणि त्याचा रस कपड्यावर पडला तर डाग जात नाही. बोंडाखालची ओली बी मात्र दाताने फोडू नये, सालीतल्या चिकाने ओठांवर फोड येतात.

उग्र आणि वाईट यांत कोकणी माणूस कडक फरक करतो, आणि नवख्याला नेमके तेच कळत नसते. केंड, म्हणजे पोट फुगवणारा मासा, जाळ्यात आला तर फेकून देतात. त्याच्या जातभाईंत टेट्रोडोटॉक्सिन हे शिजवूनही न जाणारे विष असते. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते. तेही शिजवून जात नाही आणि वासाने नेहमी कळतही नाही. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे ही त्याची लक्षणे. म्हणून कोळणीपुढे बसलेली गिऱ्हाईक बाई कल्ले उघडून बघते, डोळा दाबून बघते. सुका बोंबील वाकवून पाहतात. कडक, फिकट सोनेरी असेल तर घ्यायचा. पिवळा पडलेला, हाताला तेलकट लागणारा जुना, आणि ओलसर लागणारा बुरशीच्या वाटेवरचा.

पर्यटन वाढल्यापासून मालवण, तारकर्ली, अलिबागच्या हॉटेलांत थाळी म्हणजे सुरमई, पापलेट, कोलंबी असे समीकरण झाले आहे. पाहुण्याला न दुखावणारे हे मासे चांगलेच आहेत, पण त्यांवरून कोकणी जेवणाची अटकळ बांधली तर ती फसते. मुंबईच्या इमारतींत सुकट भाजण्यावरून शेजाऱ्यांची भांडणे होतात, म्हणून चाकरमानी गावाहून येताना जवळा आणि बांगडे चार-पाच पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून आणतात आणि एसटीत तरीही मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच. जवळ्याची तयार चटणी आता बरण्यांतून विकली जाते. मोरी, खारा बांगडा, निवट्या अजून लहान खाणावळींत मिळतात. फळ्यावर लिहिलेल्या नसतात, आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.