रिकाम्या लेनचा अर्थ : ल्युकेमियाच्या सेल लाइन आणि त्यांची प्रथिने

वेस्टर्न ब्लॉटमध्ये पेशीतली प्रथिने जेलमध्ये वेगळी करून पडद्यावर उतरवतात (ट्रान्सफर) आणि अँटिबॉडीने ओळखतात; प्रत्येक नमुन्याची पट्टी म्हणजे लेन, तीत उमटलेले प्रथिन म्हणजे बँड. के-५६२ या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) सेल लाइनच्या, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या, ब्लॉटवर पी५३ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या प्रथिनाचा बँड उमटला नाही की नवखा विद्यार्थी आधी अँटिबॉडीला दोष देतो, मग ट्रान्सफरला. पुन्हा जेल ओततो. सगळ्याच पेशींत असणारे ॲक्टिन हे प्रथिन मात्र प्रत्येक लेनमध्ये ठसठशीत असते. अँटिबॉडी बिचारी निर्दोष असते; या पेशींत पी५३चे जनुकच बिघडलेले आहे, प्रथिन येणार कुठून?

ही सेल लाइन १९७५ साली अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातून जगापुढे आली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया शेवटच्या टप्प्यात गेलेल्या एका ५३ वर्षांच्या बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातल्या या पेशी. आजाराची खूण असलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र १९६० मध्येच दिसले होते. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांतली ही अदलाबदल आहे, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. पण त्यातून तयार होणारे प्रथिन अजून कोणी पाहिले नव्हते. वेस्टर्न ब्लॉटची पद्धत १९७९ची, तिचे बारसे १९८१चे. (डीएनए शोधणाऱ्या सदर्न ब्लॉटमधले सदर्न हे माणसाचे आडनाव, वेस्टर्न ही त्यावरची निव्वळ कोटी.) १९८४ मध्ये के-५६२मध्ये एबीएल प्रथिन नेहमीच्या १४५ऐवजी २१० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचे एकक) एवढे सापडले; अदलाबदलीत त्याला दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडला गेला होता. याच जोडप्रथिनावर नेम धरणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

एवढे घवघवीत यश मिळाल्यावर प्रत्येक ठळक बँडमध्ये आजाराचे मूळ शोधायची सवय लागली. मला वाटते, घोळ तिथूनच वाढला.

जुरकॅट या सेल लाइनचेच घ्या. ल्युकेमिया झालेल्या १४ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून सत्तरच्या दशकात निघालेली ही लाइन टी-पेशींच्या (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या) अभ्यासाची जणू पाटी-पेन्सिल झाली. पुढे लक्षात आले की हिच्यात एकेटी या वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाला लगाम घालणारे पीटेन हे प्रथिनच नाही. त्यामुळे एकेटीवर फॉस्फेट कायम चढलेलेच, म्हणजे ते सतत चालूच. आधीच उकळणाऱ्या पाण्याखाली गॅस मोठा करून काय फरक दिसणार? तरी ‘उत्तेजनापूर्वी’ नावाची लेन शांत धरून कितीतरी निष्कर्ष काढले गेले.

एचएल-६० या लाइनची गंमत वेगळी. १९७७ मध्ये ती प्रोमायलोसायटिक (एका प्रकारच्या अपक्व रक्तपेशींच्या) ल्युकेमियाची म्हणून नोंदली गेली. १९८० मध्ये रेटिनॉइक ॲसिडने (‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रसायनाने) तिच्या पेशी प्रौढ होतात असे दिसले आणि शिक्का पक्का झाला. पण त्या आजाराची ओळख असलेली १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल तिच्यात नाही, म्हणून पीएमएल-रारा हे जोडप्रथिनही नाही. १९८८ मध्ये मूळ निदानाची फेरतपासणी होऊन ती दुसऱ्याच प्रकारात गेली. ते प्रथिन खरोखर बाळगणारी एनबी-४ आली १९९१ मध्ये.

पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या पेशीभांडारातून सेल लाइन मागवली, की एसटीआर तपासणीने (डीएनएच्या ठशाने) ती तीच आहे का, एवढे कळते. तिच्यात पीटेन आहे का, पी५३ आहे का, हे आपणच पाहायचे असते. आणि एचएल-६०च्या नावापुढे ‘प्रोमायलोसायटिक’ हा शब्द आजही छापून येतो.