घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांची दखल: इथपर्यंत कसं आलं

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणारं घरात कोणीतरी कायमच असायचं, पण सरकारी कागदावर त्या करणाऱ्या माणसाचा पत्ताच नव्हता. पेशंटची नोंद व्हायची, डॉक्टर-नर्सची व्हायची, रात्री चारदा उठून कूस बदलून देणाऱ्या मुलीची नाही. हे बदलायला लागून जेमतेम 60 वर्षं झालीत आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट माग लागतो तो ब्रिटनमध्ये, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मेरी वेब्स्टर या चर्चमध्ये धर्मोपदेशक होत्या. 1954 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी आईवडिलांचं करायला काम सोडलं. 1963 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं, आपल्यासारख्याच लग्न न झालेल्या आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बायकांच्या हालांबद्दल. म्हणजे बघा, नोकरी सोडली की पगार तर जातोच, पुढची पेन्शनही जाते, आणि आईवडील गेल्यावर पन्नाशीतल्या बाईला परत कामावर कोण घेणार? अशा बायका किती आहेत ते त्या पत्राला आलेल्या उत्तरांवरून कळलं आणि 1965 साली त्यांची संघटना उभी राहिली. दोनच वर्षांत टॅक्समध्ये थोडी सवलत मिळाली. रक्कम फार नव्हती, पण 'हे काम आहे' असं कायद्याने पहिल्यांदा मानलं, मला ते पैशापेक्षा मोठं वाटतं.

1976 ला खरा भत्ता आला, आठवड्याला निदान 35 तास गंभीर अपंग माणसाचं करणाऱ्यांसाठी. पण त्यात लग्न झालेल्या बायकांना वगळलं होतं! सरकारचं म्हणणं असं की त्या नाहीतरी घरीच असतात. "घरीच तर असतेस" हे वाक्य किती जणींनी ऐकलंय, इथे तर ते चक्क नियमात बसवलेलं होतं. जॅकी ड्रेक या विवाहित बाईंनी आईचं करायला नोकरी सोडली, भत्ता मागितला, नकार आला, मग त्या लढल्या आणि केस थेट युरोपियन कोर्टापर्यंत गेली. जून 1986 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि हजारो बायकांसाठी दार उघडलं. या सगळ्या इतिहासात मला हेच परत परत दिसतं, नियम होतो, कोणीतरी बाहेर राहतं, आणि बाहेर राहिलेलं माणूसच पुढचा नियम घडवतं.

घरी असं करणारी माणसं ब्रिटनमध्ये आहेत तरी किती, ही मोजणी तर फारच उशिरा सुरू झाली. 1985 च्या सरकारी सर्व्हेत पहिल्यांदा प्रश्न विचारला तर आकडा निघाला साधारण 60 लाख, आणि त्यात पुरुषही कोणाला वाटलं नव्हतं इतके होते. जनगणनेत हा प्रश्न यायला 2001 उजाडलं. मधल्या काळात, 1995 च्या कायद्याने, पेशंटबरोबर करणाऱ्याचीही गरज तपासून घ्यायचा हक्क दिला, पण तपासल्यावर मदत मिळेलच असं नाही, तो भाग नंतरच्या कायद्यांवर राहिला.

इतर देशांत वाट वेगळी गेली आणि इथे खरा वाद आहे. जर्मनीने 1995 ला दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला, त्यात घरच्यांनी केलं तर रोख रक्कम मिळते आणि करणाऱ्याच्या पेन्शनमध्ये विम्यातून पैसे भरले जातात. जपानने 2000 साली असाच विमा आणला पण रोख रक्कम मुद्दाम ठेवली नाही, फक्त सेवा. कारण तिथल्या महिला संघटनांची भीती अशी की पैसे दिले तर घरचे म्हणतील, आता पैसेही मिळतायत ना, मग सुनेनेच करायचं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नुसते पैसे दिले तर ती आणखी अडकते, आणि नुसती सेवा दिली तर तिने आजवर केलेल्याचं काय? तरी पेन्शनचं जर्मनीने बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे, कारण खरा फटका म्हातारपणी बसतो.

नोकरीवाल्यांचं बघितलं तर अमेरिकेत 1993 च्या कायद्याने 12 आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी, आणि सासू-सासरे किंवा भाऊ-बहीण त्यात धरतच नाहीत. युरोपियन युनियनने 2019 मध्ये वर्षाला 5 दिवस ठरवले. ब्रिटनचा 2023 चा कायदा एक आठवडा देतो, तोही बिनपगारी.

जागतिक पातळीवर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हिशेब मांडला की घरातलं आणि देखभालीचं बिनपगारी काम रोज 1640 कोटी तास चालतं आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात. 2023 ला संयुक्त राष्ट्रांनी 29 ऑक्टोबर हा देखभालीचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. दिवस साजरा व्हावाच, पण ब्रिटनमधल्या त्याच जुन्या भत्त्याचं आज काय चाललंय तेही बघा. बाहेर थोडं काम करून आठवड्याला ठरावीक रकमेपेक्षा (एप्रिल 2025 मध्ये ती 196 पौंड होती) एक पौंड जरी जास्त कमावला तर त्या आठवड्याचा भत्ता पूर्ण जातो, थोडा कापून नाही, पूर्ण. 2024 मध्ये हे प्रकरण गाजलं तेव्हा कळलं की कमाईची माहिती सरकारकडे येत असूनही कित्येकांना वेळेत सांगितलंच गेलं नव्हतं आणि मग हजारो पौंडांची वसुली त्यांच्याच मागे लागली होती.