शाळा हवी की नको : पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवणारे आईबाप पुण्यात आता नवलाईचे राहिलेले नाहीत. बाणेर, औंध, कोथरूडकडे ओळखीपाळखीत एखादं तरी असं घर सापडतं. त्या घरी जाणारा प्रत्येक पाहुणा पाच मिनिटांत एकच प्रश्न टाकतो : "ते सगळं ठीक आहे हो, पण दहावीचं काय?" प्रश्न खोचक वाटला तरी त्यात बराच इतिहास आहे. शाळेत जे शिकवतात ते घरी शिकवता येईल, याबद्दल कुणाची फारशी तक्रार नसते. अडतं ते कागदापाशी, म्हणजे दाखल्यापाशी. शिकणं आणि कागद या दोन गोष्टी एकमेकींना मुळातच चिकटलेल्या नव्हत्या. त्या कशा चिकटल्या, आणि पुढे तिसरं एक काम शाळेच्या गळ्यात कसं पडलं, हे पुण्यात चांगलं पाहता येतं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा शहरात शाळा होत्याच. पंतोजींची ओसरी, नाहीतर देवळाची ओवरी. लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटेची पूड पसरायची, काडीने अक्षर काढायचं, फळी हलवली की पाटी पुन्हा कोरी. त्यालाच धुळाक्षरं म्हणत. मग मोडीचं वळण, आणि त्याबरोबर पाढे. साधे पाढे तर येतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. शेर, मण, आणे यांच्या व्यवहारात हे अपूर्णांकाचे पाढे पाठ असलेला मुलगा कागद न घेता हिशेब सांगायचा. संध्याकाळी घरी परवचा. इयत्ता नाही, वार्षिक परीक्षा नाही, दाखला नाही. मोडी पत्र लिहिता आलं, जमाखर्च जमू लागला, की शिक्षण संपलं.

आज घरच्या शिक्षणाची बाजू मांडणारे जे जे मागतात, त्यातलं निम्मं तरी या ओसरीवर होतं. लहानमोठी मुलं एकत्र बसत, ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा लागे, आणि शिकलेलं लगेच वापरात येई. (छडीही होती. ती तूर्त बाजूला ठेवू.) पण ओसरीवर बसायला मिळे ते लिखापढी आणि व्यापार करणाऱ्या थोड्या जातींच्या मुलग्यांना. मुलींचा प्रश्नच नव्हता आणि अस्पृश्य मानलेल्यांना पायरीही चढता येत नव्हती. पर्यायी शिक्षणाचं गुणगान करताना हा तपशील गाळला जातो, आणि माझ्या मते सगळी चर्चा तिथेच घसरते. जी व्यवस्था घरच्या ऐपतीवर आणि जातीवर चालते, ती आतल्यांना कितीही मोकळी वाटली तरी बाहेरच्याला बंदच असते.

नव्या सरकारने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात काढली ती संस्कृत पाठशाळा. खरा फरक पडला तो १८४८ मध्ये, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. तिचं महत्त्व काय शिकवलं यापेक्षा कुणाला आत घेतलं, यात आहे. घरी मिळणार नाही ते देणारी जागा, हा शाळेचा अर्थ पुण्यात इथून रुजला. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. दगडूशेठ गणपतीच्या रांगेतल्या किती जणांना समोर काय होतं हे ठाऊक असेल, कोण जाणे.

फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली. म्हणजे शाळेच्या वेळा आणि शाळेची इमारत पवित्र मानायची गरज नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. त्याच निवेदनात गरीब शेतकरी मुलांना शाळेत का पाठवत नाहीत याचं कारणही आहे : गुरं राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला मुलं लागतात. त्यावर नुसती सक्ती पुरणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असंही ते सांगतात. गुरं राखणारं हे मूल पुढच्या शंभर वर्षांत पुणे जिल्ह्यात पुन्हा भेटणार आहे.

मधल्या काळात दाखला आला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, पाठोपाठ मॅट्रिकची परीक्षा, आणि सरकारी नोकरीचा रस्ता तिच्यातून जाऊ लागला. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, नामजोशींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते देशी बाण्याने, पण मुलं बसवायची ती मॅट्रिकलाच. या परीक्षेला बगल देण्याचे प्रयत्नही झाले. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतलं. ते तळेगावला चालू असताना १९१० मध्ये सरकारने बंद पाडलं. १९२१ मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. सरकारी कॉलेजं सोडून आलेल्यांना तिथे शिकता आलं, पण पदवीला सरकारदरबारी मान नव्हता. विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९८७ उजाडलं. शिकवण्याचा पर्याय उभा करायला त्या मानाने थोडा काळ लागतो, कागदाला पर्याय उभा करायला पिढ्या जातात.

सक्तीची गोष्ट वेगळीच, आणि ती पुण्याने फारशी अभिमानाने सांगू नये अशी. फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. तेही किती बेताचं! सहा ते दहा वर्षांचे मुलगे, आणि ज्या भागात आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जातात तिथेच, स्थानिक संस्थेला वाटलं तर. तरी १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती करूनही टाकली, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवून. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि सक्ती लागू करायची की नाही हे नगरपालिकांवर सोपवलं गेलं.

मग १९२० मध्ये पुण्यात रण पेटलं. सक्ती करायची तर कुणाला? टिळकांच्या पक्षाचं म्हणणं, पैसा थोडा आहे, आधी मुलगे, मुलींचं नंतर बघू. विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाई रानडे यांची बाजू अशी की मुलींना वगळून सक्ती नको. बायकांनी मिरवणूक काढली, आणि या वादावरच्या सभेत खुद्द टिळकांना बोलणं अवघड झालं. शाळा नकोशी झालेल्यांची मिरवणूक पुण्यात निघाल्याचं मला माहीत नाही. शाळेत घ्या म्हणून निघालेली ही एक मात्र आहे.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, पण त्या गुराख्यापर्यंत पोचल्या नाहीत. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेली गांधींची नई तालीम, हाताच्या कामातून शिक्षण, कागदोपत्री सगळीकडे पोचली आणि वर्गात आठवड्याच्या एका तासापुरती उरली. १९७१ मध्ये इव्हान इलिच या विचारवंताने शाळा नावाची संस्थाच समाजाच्या मानगुटीवरून उतरवा, असं पुस्तक लिहिलं. शाळा शिकणं आणि प्रमाणपत्र यांची गल्लत करते, हा त्याचा मूळ मुद्दा. शिकू इच्छिणारा आणि शिकवू शकणारा यांची संगणकावरून गाठ घालून देता येईल, असंही त्याने तेव्हा सुचवलं होतं.

पुण्यात याच सुमारास कमी गाजावाजा झालेलं काम सुरू झालं. देशाच्या शिक्षणाचा आराखडा आखणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेले जे. पी. नाईक यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्यात आली. नाईक आणि चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग उभे केले. दिवसा गुरं राखणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी, रानात जाणारी मुलं रात्री कंदिलाच्या उजेडात दोन तास बसत. शिकवणारा गावातलाच. मुली जास्त येत, कारण दिवसा त्याच घरात अडकलेल्या. परीक्षेऐवजी बालजत्रा भरवून मुलांना काय येतं ते सगळ्या गावासमोर पाहिलं जाई. मला विचाराल तर शाळेला पर्याय म्हणून महाराष्ट्रात झालेला सर्वांत अस्सल प्रयोग हाच. तो शाळेच्या कंटाळ्यातून आला नव्हता, शाळा ज्याला परवडत नाही त्याच्या दिवसाचं वेळापत्रक बघून आखलेला होता. पण एक अडचण त्याच्या पोटातच होती. रात्रीचा वर्ग चालू राहिला की दिवसाची गुरंही चालूच राहतात. वर्ग मुलाला कामातून सोडवत नाही, कामाशी जुळवून घेतो.

हेच ते शाळेच्या गळ्यात पडलेलं तिसरं काम. मूल दहा ते पाच कुठे असतं? शाळेत असेल तर ते विटा वाहत नाही, धाकट्याला सांभाळत नाही, आणि पुढे दुपारचं जेवणही तिथेच मिळू लागलं. पुण्याच्या कडेने वाढणाऱ्या बांधकामांवर हे आजही दिसतं. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था १९९३ पासून पुण्यात आहे आणि मजुरांच्या मुलांसाठी साईटवर वर्ग चालवते. त्यांची चाकावरची शाळा म्हणजे बसच्या आत सतरंजी, फळा, पुस्तकं. पण त्याच संस्थेची बरीच धडपड मुलांना महापालिकेच्या शाळेत नाव घालून, गाडीने ने-आण करून तिथे टिकवण्याची आहे. पर्याय चालवणाराच मुलाला शाळेच्या दारात नेऊन सोडतो.

मध्यमवर्गाने काढलेली वाट निराळी. शाळा सोडण्याऐवजी शाळाच बदलायची. १९९२ मध्ये सुरू झालेलं अक्षरनंदन हे त्यातलं ठळक नाव : मराठी माध्यम, स्पर्धा नाही, हाताने करण्यावर भर. अशा शाळांनी पुण्यातल्या पालकांना चांगली सवय लावली, पण तिथेही शेवटचं स्टेशन दहावीचंच.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि वाद कायद्याच्या भाषेत आला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं कायदा म्हणतो. पण न घालणाऱ्याला शिक्षा ठेवत नाही. सक्ती आहे ती सरकारवर. शाहू महाराजांचा रुपया इथे नाही. याच फटीत घरी शिकवणारी कुटुंबं बसतात. मूल मोठं झालं की १९८९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा, नाहीतर आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म. गंमत अशी की बाहेरून दहावीला बसायला भरायच्या या फॉर्मबरोबर शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो, नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. शाळेत न गेलेल्यालाही शाळा सोडावी लागते.

आणि ज्यांनी शाळाकॉलेज गुपचूप सोडलंय, त्यांना कुणी पर्यायवादी म्हणत नाही. अकरावी-बारावी सायन्सला नाव कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. "इंटिग्रेटेड" म्हटलं की पुण्यातल्या कुठल्याही पालकाला कळतं. हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये राज्य सरकारने कनिष्ठ महाविद्यालयांत बोटाचा ठसा घेऊन हजेरी सक्तीची केली. म्हणजे शिकणं एकीकडे, कागद दुसरीकडे, अशी फारकत झालीच आहे. ती फी भरू शकणाऱ्यांनी करून घेतली आहे, एवढंच.

करोनाने सगळ्यांनाच एकदम घरी बसवलं. मार्च २०२० ते २०२१ चा शेवट, पुणे शहरातल्या प्राथमिक शाळा जवळजवळ बंदच. इलिचला हवा होता तो संगणक आता हातात होता, पण एका घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या, देशभरच्या ग्रामीण भागातल्या असर पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. त्याच काळात सरकारी शाळांत नाव असलेल्या मुलांचं प्रमाण मात्र ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर गेलं.

आता शाळा हवी का, हा प्रश्न तिसऱ्याच बाजूने येतोय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चालवणं परवडत नाही, त्या एकत्र करून समूह शाळा करा, असा विचार राज्याने २०२३ मध्ये मांडला आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत दाखवलं. तिथे आसपासच्या वाड्यांवरची मुलं बसने एका मोठ्या शाळेत येतात. ग्रंथालय, खेळ, विषयागणिक शिक्षक, हे वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत कधीच मिळालं नसतं, हे खरं. बस आली नाही त्या दिवशी मूल कुठे असतं, हेही तिथल्या आईबापांना विचारायला हवं. विशेषतः ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना.