धातूची घरगुती दुर्बीण

घराच्या अंगणात, गच्चीवर किंवा एखाद्या लहान गाळ्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल एवढ्या साधनांवर लोखंडाचा सांगाडा करून त्यात काचेचा आरसा बसवलेली हौशी आकाशनिरीक्षकाची दुर्बीण. ती बहुधा न्यूटन पद्धतीची परावर्ती दुर्बीण असते : नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा, तोंडाजवळ 45 अंशांत कललेला छोटा सपाट आरसा आणि नळीच्या कुशीला नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग. आयझॅक न्यूटनने 1668 मध्ये केलेल्या दुर्बिणीची मांडणी हीच होती. भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा ती घरी करायला सोपी जाते. मुख्य आरशाची एकच बाजू अचूक घडवावी लागते, आणि त्यात प्रकाश काचेच्या आरपार जात नसल्याने ताऱ्याभोवती रंगीत झालर येत नाही.

यातला ‘धातूची’ हा शब्द आज सांगाड्यापुरता उरला आहे. पूर्वी आरसाही धातूचाच असे, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा. विल्यम हर्शेलने 1781 मध्ये युरेनस पाहिला तो स्वतः घडवलेल्या अशाच आरशातून. तो आरसा लवकर काळवंडे आणि पुन्हा पुन्हा उजळावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काचेवर चांदीचा पातळ थर चढवता येऊ लागला आणि धातूचे आरसे मागे पडले. आता चांदीच्या जागी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा थर देतात.

ठाणे-नवी मुंबईची अनुकूलता : या पट्ट्यात अशी दुर्बीण करायला लागणारी माणसे आणि माल हाकेच्या अंतरावर आहेत. कळंबोलीचा पोलाद बाजार, ठाण्याची वागळे इस्टेट, रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातली एमआयडीसी यांच्या आसपास पत्रा गोल वळवून देणारे, लेथवर बुश काढून देणारे आणि भंगारातून चांगली बेअरिंग निवडून देणारे कारागीर भेटतात. घरच्या सिंगल फेजवर चालणारी, हातात उचलून नेता येणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आल्यापासून ऐरोली-कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत किंवा गावठाणातल्या पडवीतही हे काम होऊ शकते. खरी अडचण जागेची नसून शेजाऱ्यांची असते. ग्राइंडरचा आवाज आणि आर्कचा लखलखाट दुपारच्या वेळी, ताडपत्रीच्या आडोशाने उरकावा.

नळी : सुरुवातीला 150 मिमी व्यासाचा आणि 1200 मिमी नाभीय अंतराचा (आरशापासून ताऱ्याची प्रतिमा उमटते तिथपर्यंतचे अंतर) आरसा सोयीचा. त्याला सुमारे 200 मिमी व्यासाची, 1150 मिमी लांबीची नळी लागते. 18 गेजच्या, म्हणजे सुमारे 1.2 मिमी जाडीच्या लोखंडी पत्र्याची अशी नळी सात किलोच्या आसपास भरते. ॲल्युमिनियमची तिच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने भरेल, पण ॲल्युमिनियम जोडायला आर्गॉन वेल्डिंग लागते आणि ते घरी क्वचितच असते. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असते, हीही त्याची जमेची बाजू.

नवशिक्याचा हात इथेच फसतो. एवढ्या पातळ पत्र्यावर 2.5 मिमीचा रॉड क्षणभर जास्त थांबला तर भोक पडते. आणि भोक पडले नाही तरी वेल्डिंग थंड होताना पत्रा ओढते. सरळ लांब झाल, म्हणजे वेल्डिंगची सलग रेघ, मारली की नळी केळ्यासारखी वाकते. म्हणून झाल मारायची नाही, टाके, म्हणजे सुटे ठिपके, मारायचे. दोन्ही टोकांना आधी पट्टीच्या कड्या बसवायच्या. पहिला टाका वर, दुसरा बरोबर खाली, तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे, चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोर. प्रत्येक टाक्यानंतर पत्र्यावर हात ठेवता येईपर्यंत थांबायचे. वेल्डिंगवरची मळी झाडून, गुण्या (काटकोन) लावून, नळीच्या आतून दोरा ताणून पाहायचे आणि मगच पुढचा टाका. असे करताना एक कडी बसवायला तासभर जातो. हा तास वाचवलेली नळी पुढे प्रत्येक रात्री त्रास देते.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्तात मिळाला तरी त्यावरचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये. जस्ताच्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. नळी आतून काळी करायला फळ्याला लावतात तो बिनचमकेचा रंग उत्तम. त्यात थोडा लाकडाचा भुसा मिसळला की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि आडवा प्रकाश तिथेच मरतो.

आरसा आणि तीन बोल्ट : गाळ्यातले माप मिलिमीटरचे, फार तर अर्ध्या मिलिमीटरचे. आरशाचा पृष्ठभाग मात्र मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी चुकीत हवा. या दोन जगांना जोडतात ते आरशाच्या बैठकीखालचे तीन बोल्ट. धातूच्या दुर्बिणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असे विचारले तर या नोंदीचे उत्तर हे तीन बोल्ट असेच आहे.

बैठक म्हणजे पट्टीचा त्रिकोणी सांगाडा. त्यावर तीन टेकू आणि कडेला आरसा निसटू नये म्हणून तीन चिमट्या. चिमट्या आवळायच्या नाहीत. काच आणि चिमटी यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची. लोखंडी काम करणाऱ्याचा हात सवयीने ‘एक आटा अजून’ आवळतो, आणि मग तारा नेत्रिकेत तिकोनी दिसू लागतो. बैठकीखाली स्प्रिंग घालून एम-6 चे तीन बोल्ट लावतात. ते 130 मिमीच्या वर्तुळावर असतील तर एक बोल्ट पूर्ण फेरा फिरवल्यावर 1 मिमी सरकतो, पण प्रतिमा नेत्रिकेपाशी सुमारे 25 मिमी सरकते. वेल्डिंगमध्ये राहिलेली चूक हे बोल्ट भरून काढतात. बैठक हलत असेल तर मात्र तेही हतबल होतात.

आरसा विकत मिळतो, पण घरी घासूनही घडवतात. काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर कार्बोरंडमच्या भुकटीने घासत गेले की वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. वर दिलेल्या मापाच्या आरशात मधली खोली फक्त 1.17 मिमी भरते. मग भुकटी बारीक करत जायचे आणि शेवटी राळेच्या गादीवर सेरियम ऑक्साइडने उजळायचे. आकार बरोबर आला का हे पाहायला फूकोची सुरीच्या पात्याची चाचणी करतात. तिला एक दिवा, एक पाते आणि भरपूर संयम एवढेच पुरते. हे काम गाळ्यापासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत करावे. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा वितळलेला कण; तो काचेवर पडला की चिकटून बसतो आणि बोट फिरवल्यावर वाळूसारखा लागतो. पुसून तो निघत नाही, काच पुन्हा घासावी लागते.

दुर्बिणीची बैठक आणि खांब : जॉन डॉब्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या वेदांत मठात संन्यासी असताना प्लायवूडच्या साध्या पेटीवर फिरणाऱ्या दुर्बिणी केल्या. त्यांच्या नावाची ती बैठक घरगुती दुर्बिणींत सर्वाधिक प्रिय आहे. चौकोनी पाइप आणि टेफ्लॉनच्या चकत्या घेऊन ती लोखंडातही उतरते. तिची अडचण एकच : आकाश सेकंदाला 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकते, त्यामुळे 120 पट वर्धनाला गुरू पावणेदोन मिनिटांच्या आत नजरेबाहेर जातो आणि नळी सतत ढकलावी लागते.

ढकलणे नको असेल तर, आकाश ध्रुवताऱ्याभोवती फिरताना दिसते म्हणून, नळी फिरवणारा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला हवा. ठाण्याचे अक्षांश 19.2 अंश असल्याने तो अक्ष जमिनीशी तेवढाच कोन करतो. कोनमापकाची गरज नाही : 1 मीटर पायाला 35 सेंमी चढ दिला की कोन साधतो. खांब पोकळ पाइपचा असेल तर त्यात कोरडी वाळू भरावी, थरथर पटकन थांबते.

वापर आणि निगा : गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि लोखंडी नळीही उष्णता धरून ठेवते. संध्याकाळी नळी बाहेर काढून तासभर निवू दिली नाही तर आतली हवा हलत राहते आणि शनी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. शहराच्या उजेडातही चंद्राची विवरे, गुरूचे चार उपग्रह, शनीची कडी आणि हंसाच्या चोचीजवळचा पिवळा-निळा जोडतारा चांगले दिसतात. मृगातल्या तेजोमेघाची मजा घ्यायची तर दुर्बीण गाडीत घालून वांगणीकडे जावे. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनामुळे हे गाव मुंबई-ठाण्याच्या निरीक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

वेल्डिंगची काच नेत्रिकेवर धरून सूर्य पाहण्याचा मोह गाळ्यात हमखास होतो. तो जिवावर बेतू शकत नसला तरी डोळ्यांवर नक्की बेततो. 150 मिमीचा आरसा दहा-पंधरा वॅट उष्णता 11 मिमीच्या ठिपक्यात गोळा करतो. त्या ठिपक्यापाशी काच तडकते आणि मागे डोळा असतो. दिवसा नळीवर झाकण ठेवावे, लहान मुले असलेल्या घरात तर कुलूपबंद.

पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण आकाशासाठी निरुपयोगी आणि गंजासाठी सोयीची. खाडीच्या दमट हवेत टाक्यांच्या कडा सर्वांत आधी लाल पडतात, कारण तिथे रंग नीट धरत नाही. जूनच्या आधी टाके घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत, बोल्टना तेल लावावे आणि आरसा काढून सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवावा, नाहीतर थरावर बुरशी धरते. नवरात्र संपता संपता आकाश उघडू लागते. खंडेनवमीला गाळ्यातल्या हत्यारांना हळदकुंकू लागते, त्याच सुमारास डबा उघडून आरसा परत बसवतात आणि पहिल्या ताऱ्यावर तीन बोल्ट नव्याने जुळवतात.