तुरट ही चव नव्हेच

गेल्या महिन्यात फोंड्याला माझ्या घरी आम्ही चौघे मित्र जमलो होतो. प्रत्येकाने बाजारातून स्वस्तातली एकेक लाल वाईन आणायची, चारही चाखायच्या आणि त्यातली चांगली कुठली ते ठरवायचं, एवढाच बेत. गोव्यात दारूवर कर कमी, त्यामुळे असला उद्योग खिशाला जड जात नाही. पहिली बाटली सगळ्यांना आवडली. दुसरी बरी वाटली. तिसरीच्या दुसऱ्या घोटाला बाबूने तोंड आवळलं आणि म्हणाला, "अरे, ही तर बोंडूसारखी गळ्याला धरते." चौथी कुणी संपवलीच नाही.

बोंडू म्हणजे काजूचं फळ. मार्च-एप्रिलात काजूच्या बागेतून जाताना एखादा अर्धवट पिकलेला बोंडू ज्याने खाल्ला असेल, त्याला बाबूचं म्हणणं लगेच पटेल. जीभ जाड होते, गाल आतून खरखरीत लागतात आणि घसा धरतो. उपमा म्हणून नव्हे, रसायनशास्त्र म्हणूनच बाबूचं बोलणं बरोबर होतं. बोंडूत आणि लाल वाईनमध्ये टॅनिन नावाची एकाच घराण्यातली द्रव्यं असतात. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत ती असतात. लाल वाईन करताना रस सालीबियांसकट आंबवतात, म्हणून ती तुरट. पांढऱ्या वाईनचा रस आधीच गाळून घेतात, म्हणून ती फारशी तुरट नसते.

आयुर्वेदाने सहा रस सांगितले: मधुर, आम्ल, लवण, कटू (म्हणजे तिखट), तिक्त (म्हणजे कडू) आणि कषाय (म्हणजे तुरट). आजचं शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच चवी मानतं. तिखट आणि तुरट त्यात नाहीत. तिखट ही दाहाची, वेदनेची जाणीव आहे आणि तुरट ही स्पर्शाची. चेहऱ्याचा स्पर्श मेंदूला कळवणारी ट्रायजेमिनल नस तुरटपणाचीही बातमी पोचवते. थोडक्यात, वाईन तुरट 'लागते' ती कापड खरखरीत लागावं तशी.

हे घडतं कसं, ते मला फार आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. लाळेत ९९ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ती बुळबुळीत असते ती उरलेल्या थोड्याशा प्रथिनांमुळे. कानाखालच्या कर्णमूल ग्रंथींतून येणाऱ्या लाळेत जी प्रथिनं असतात, त्यांतली सुमारे ७० टक्के प्रोलिन या अमिनो आम्लाने गच्च भरलेली असतात. प्रोलिन हे विचित्र आम्ल आहे. त्याची बाजूची शाखा वळून पुन्हा प्रथिनाच्या मुख्य साखळीलाच जोडलेली असते, त्यामुळे त्याचं एक ताठ कडं बनतं. अशी कडी ओळीने आली की प्रथिनाला इतर प्रथिनांसारखी घट्ट गुंडाळी करता येत नाही. ते उसवलेल्या दोरीसारखं लांबच्या लांब पसरून राहतं. टॅनिनच्या रेणूत बेंझिनची चपटी कडी असतात. ही चपटी कडी प्रोलिनच्या कड्यावर थाळीवर थाळी ठेवावी तशी बसतात आणि मग हायड्रोजन बंध ती जागा पक्की करतात. टॅनिनला असे हात अनेक असतात. एका हाताने एक प्रथिन, दुसऱ्याने दुसरं, असं करत त्यांची जाळी विणली जाते, गुठळी होते आणि ती लाळेतून खाली बसते. वंगण गेलं, की जीभ टाळूवर घासते. हे घासणं म्हणजेच तुरटपणा.

आपल्या भाषेत याची खूण आहेच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती गुठळ्या होऊन तळाला बसते. तुरटीचं काम विद्युतभारावर चालतं, टॅनिनचं वेगळ्या तऱ्हेने, पण तरंगणारं सगळं एकत्र बांधून खाली बसवणं दोन्हींत सारखंच. चामडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात तोही टॅनिनसाठीच. तिथे टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधून ठेवतं.

घरी बघायचं असेल तर अंड्याचा पांढरा बलक चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी घालून हलकेच फेटा आणि त्याचे पाच-सहा थेंब तुरट वाईनच्या पेल्यात टाका. वाईन धुरकट होईल. तासाभराने तळाशी गाळ दिसेल आणि वरची वाईन मऊ लागेल. फ्रान्समधल्या बोर्दोत २२५ लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालून वाईन अशीच निवळत आले आहेत. कोऱ्या चहाचा तुरटपणा दुधाने मरतो त्यालाही हेच कारण, कारण दुधातल्या केसिन या प्रथिनात प्रोलिन भरपूर असतं.

टॅनिन जास्त असलेली ज्वारी खाऊ घातलेल्या उंदरांच्या कर्णमूल ग्रंथी काही दिवसांतच फुगल्या आणि त्यांत प्रोलिनवाली प्रथिनं कितीतरी पटींनी वाढली. शरीर टॅनिनला गाठायला लाळेची फौज वाढवतं, असं त्यावरून दिसतं.

आता आमच्या चार बाटल्यांकडे येतो. गोड चव पुढच्या घोटाआधी विरते. तुरटपणा मात्र साचत जातो, कारण वाहून गेलेली प्रथिनं पुन्हा भरून यायला वेळ लागतो. पहिली वाईन ताज्या लाळेवर पडली, चौथी घासून निघालेल्या जिभेवर. चौथीला न्याय मिळालाच नाही. नुसत्या पाण्याने चूळ भरून हे फारसं सुधारत नाही. मध्ये पोयीचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पावाचा, तुकडा चावावा आणि चार-पाच मिनिटं गप्पा माराव्यात.

दुसरा अडथळा किमतीचा. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करत लोकांना तीच वाईन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महागडी सांगितल्यावर ती लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूत सुखद अनुभवाशी जोडलेला भागही जास्त चेतला. म्हणून बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळावं.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात फोंड्याची खोली ३२ अंशांची असते आणि त्या उष्म्यात अल्कोहोल भसकन नाकात जातं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवण्यात काहीही गैर नाही.

एक गोष्ट मात्र तळमळीने सांगायची आहे. बाळंतिणीला किंवा अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला 'लाल आहे, रक्त वाढेल' म्हणून पोर्ट वाईन पाजणं कृपया थांबवा. लाल रंग द्राक्षाच्या सालीचा आहे. उलट, टॅनिन अन्नातल्या लोहाला, विशेषतः डाळी-भाजीतल्या लोहाला बांधतं आणि ते शरीरात शिरू देत नाही. शिवाय अल्कोहोल आईच्या दुधात उतरतं. 'हृदयासाठी रोज एक पेला' हाही सल्ला टिकलेला नाही. मद्याची कुठलीच मात्रा पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मी थोडी पितो ती आवडते म्हणून, औषध म्हणून नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा बसलो. तिसरी आणि चौथी, दोनच बाटल्या. दर फेरीला तीन पेले, दोनांत एक वाईन, एकात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखायचा. पेल्यांची जागा फासा टाकून ठरवली आणि दर फेरीनंतर पोयी. नुसत्या अंदाजाने तीनांतून एकदा बरोबर येणारच, म्हणून सहा फेऱ्या. सहापैकी पाच किंवा जास्त वेळा निव्वळ नशिबाने जमण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी.

आम्हा तिघांना दोन-तीनदाच जमलं. बाबूने पाच फेऱ्या बरोबर ओळखल्या आणि चौथी बाटली त्याला जास्त आवडली. कशावरून ओळखलंस, असं विचारलं तर म्हणाला, "चवीकडे मी लक्षच दिलं नाही. घोट गिळला की जीभ टाळूला घासून बघत होतो."