निर्दोष सुटलेल्यांवरील सामाजिक कलंक

निर्दोष सुटलेल्यांवरील सामाजिक कलंक : चुकीने शिक्षा झालेली व्यक्ती वरिष्ठ न्यायालयात निर्दोष ठरल्यावरही लोकांच्या मनात तिच्याविषयी उरणारा संशय, आणि त्या संशयापोटी नोकरी, भाड्याचे घर, सोयरीक, शेजार यांत तिच्या वाट्याला येणारी वागणूक. शिक्षा रद्द झाली तरी ‘आत जाऊन आलेला’ ही ओळख गावात मागे राहते, आणि ती बायकामुलांनाही चिकटते.

मराठीत हा संशय मुख्यतः ‘पुराव्याअभावी सुटका’ आणि ‘संशयाचा फायदा’ या शब्दांतून पसरतो. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. तो सिद्ध झाला नाही, तर आरोपी कायद्याने निर्दोषच असतो. वाचणारा मात्र ‘केलं असेल, पण सापडला नाही’ असा अर्थ लावतो. ‘आगीशिवाय धूर निघत नाही’ ही म्हण तयार असतेच. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी या वृत्तीच्या मुळाशी असलेली धारणा दाखवून दिली : जग न्यायाने चालते आणि ज्याला त्याला आपल्या करणीचेच फळ मिळते, असे मानल्याने माणसाला सुरक्षित वाटते. निरपराध माणूस फासापर्यंत जाऊ शकतो हे मान्य केले, तर उद्या आपलीही पाळी येऊ शकते, हे मान्य करावे लागते. पोलिसांच्या दबावाखाली खोटा कबुलीजबाब दिलेल्यांकडे लोक अधिकच वाईट नजरेने पाहतात, असे कॅनडातील संशोधक क्लाउ आणि लीच यांना आढळले (२०१५).

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातले कर्क ब्लड्सवर्थ यांना नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल १९८५ साली देहदंडाची शिक्षा झाली होती. डीएनए चाचणीने निर्दोष ठरून ते १९९३ मध्ये सुटले. त्यानंतरही त्यांच्या गाडीवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने ‘बालहत्यारा’ असे लिहून ठेवले. २००३ मध्ये त्याच डीएनएवरून खरा खुनी सापडला, तेव्हा कुठे संशयाला जागा उरली नाही. स्वतः निर्दोष असणे पुरेसे ठरले नाही, दुसरा कोणी दोषी सापडावा लागला. बहुतेकांच्या बाबतीत असा दुसरा कधीच सापडत नाही.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या हत्या व बलात्काराच्या खटल्याचे आहे. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना त्यात शिक्षा झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना मृत्युदंड ठोठावला. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखले होते. ते धागेदोरे तपासलेच गेले नाहीत. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. मात्र भटक्या-विमुक्तांवरचा डाग खटल्याच्या फार आधीचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि १९५२ मध्ये तो रद्द झाला तरी चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या पालावरच (तंबूंच्या वस्तीवर) जातो. अशा माणसाला निर्दोष ठरवणारा निकाल गावाला पटवणे दुप्पट कठीण असते.

कलंक फक्त लोकांच्या मनात नसतो, तो कागदपत्रांतही असतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात) ‘कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का’ असे विचारतात. निर्दोष सुटलेल्यालाही तिथे ‘होय’ लिहावे लागते. लपवले तर तोच अपात्रतेचा मुद्दा होतो. ‘सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता’, म्हणजे आरोपच खोटा ठरून झालेली सुटका, ही संज्ञा २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती, तरीही पोलीस भरतीसारख्या प्रकरणांत सन्मानाने सुटलेला आणि नुसता सुटलेला असा भेद न्यायालयांनी मान्य केला आहे. म्हणजे ‘पुराव्याअभावी’ या शब्दाला बाजारगप्पांइतकीच कचेरीतही किंमत आहे. हे अन्यायकारक आहे.

कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या भारताच्या विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी पैशांच्या भरपाईबरोबर समुपदेशन, कामाचे प्रशिक्षण, आणि नोकरी व शिक्षणातील प्रवेशाच्या आड येणारी अपात्रता दूर करणे असे उपाय सुचवले. त्यासाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही.