नाण्याचा फोटो फिरवण्याआधी लाईट कुठून येतोय ते बघा

1881 सालची गोव्याची, पोर्तुगीज काळातली चांदीची रुपिया घ्या, एका बाजूला पोर्तुगालच्या दोम लुईस राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल. मोबाईलवर फोटो काढला, तो नेमका उलटा आला, मग आपण एडिटमध्ये जाऊन रोटेट दाबतो, ढाल सरळ करतो, गोल क्रॉप करतो आणि ग्रुपवर टाकतो. आणि मग कोणीतरी विचारतं, ही अक्षरं वर आलेली आहेत की आत खोदलेली? प्रश्न अगदी रास्त असतो, कारण फोटोत ती खरंच खोदल्यासारखी दिसत असतात.

याचं कारण उजेडाची दिशा. उजेड वरून येतो हे आपला मेंदू धरूनच चालतो, सूर्य वर, दिवा वर. त्यामुळे वरची कड उजळ आणि खालची काळी दिसली की तो म्हणतो उंचवटा, उलट दिसलं की म्हणतो खड्डा. फोटो 180 अंशात फिरवला की नाण्याबरोबर सावल्यासुद्धा फिरतात, म्हणजे उजेड आता खालून आल्यासारखा होतो आणि सगळा उठाव आत जातो. कॅलिडोस्कोप शोधणारे डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1826 मध्येच उठावाचं कोरीवकाम खोदल्यासारखं आणि खोदलेलं उठावासारखं दिसण्याच्या या भ्रमावर लिहून ठेवलंय. घरी करून बघा, फोनचं ऑटो रोटेट बंद करा, नाण्याचा फोटो उघडा आणि फोन उलटा धरा. राजाचा चेहरा कदाचित फसवणार नाही, कारण चेहरा बाहेर आलेला असतो ही मेंदूची सवय पक्की आहे, पण अक्षरं आणि ढाल बहुतेक वेळा आत जातात.

म्हणून नाणं सरळ करायचं ते फोटो काढायच्या आधी, टेबलावर. ढालीचा मुकुट वर ठेवा आणि लाईट वरून, थोडा डावीकडून, घड्याळात दहा-अकरा वाजतात तिथून येऊ द्या. पावसाळ्यात बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून काढलेले फोटो सपाट येतात, ढगांमधून उजेड सगळीकडून सारखाच येतो, सावलीच पडत नाही, आणि झिजलेल्या तांग्यावरचं (रुपियापेक्षा लहान किमतीचं जुनं नाणं) साल तर गायबच होतं. तिथे एकाच खिडकीचा तिरका उजेड जास्त कामाचा.

एवढं करूनही दोन-तीन अंश तिरकं राहतंच, ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ करायला हरकत नाही, उजेडाची दिशा त्याने फारशी बदलत नाही. पण 90 अंश फिरवताना पिक्सेल फक्त जागा बदलतात, 3 अंश फिरवताना मात्र प्रत्येक नवा पिक्सेल शेजारच्या पिक्सेलवरून हिशोब करून बनवावा लागतो, आणि दर वेळी बारीक रेघा थोड्या पुसट होतात. थोडं डावीकडे, परत उजवीकडे, परत डावीकडे असं करत बसू नका. गिंप या फोटो एडिट करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मेजर टूलने मुकुटापासून खालपर्यंत रेघ ओढा आणि स्ट्रेटन दाबा, एका फटक्यात काम होतं.

क्रॉप मात्र सगळ्यात शेवटी, हे मी आग्रहाने सांगतो. पिवळ्या बल्बखाली चांदी पितळेसारखी दिसते, तो रंग दुरुस्त करायला बाजूला पांढरा किंवा राखाडी कागद लागतो, आयड्रॉपरने त्याच्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर तिन्ही रंग त्या हिशोबाने जुळवून घेतं. कागद आधीच कापून टाकला तर मग डोळ्याच्या अंदाजाने स्लायडर हलवत बसायचं, आणि त्यात चांदीवरचा खरा काळपटपणा किंवा तांब्यावरचा हिरवा गंजपण बदलून जातो. ती माहिती आहे हो, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याला काय झालंय ते त्या हिरव्यातच दिसतं!

शार्पनिंगचा मोह तर फार वाईट. शार्पन म्हणजे नवीन तपशील येत नाही, कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ आणि काळ्या बाजूला आणखी काळं केलं जातं. जास्त झालं की प्रत्येक अक्षराभोवती पांढरी रेघ येते आणि ते दोनदा ठसा पडल्यासारखं दिसतं. तपशील किती मिळणार ते कॅमेऱ्यातच ठरतं, रुपिया साधारण 30 मिलिमीटरची, ती फोटोत 1500 पिक्सेल रुंद असेल तर मिलिमीटरला 50 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल 0.02 मिलिमीटरचा. नाणं फोटोच्या कोपऱ्यात 300 पिक्सेलचं असेल तर क्रॉप करून मोठं केलं तरी मिलिमीटरला फक्त 10 पिक्सेलच राहतात. आणि फोनचं एआय एन्हान्स बंदच ठेवा, ते झिजलेल्या अक्षरांच्या जागी अंदाजाने काहीतरी भरतं, आणि नकली ओतीव नाण्यावरची बारीक छिद्रं, जी बघून नकली ओळखायचं, तीच गुळगुळीत करून टाकतं.

गोल क्रॉपचंही तसंच. 1958 पासूनचे एस्कुदो, म्हणजे रुपियानंतर आलेली पोर्तुगीज नाणी, यंत्रावरचे, नीट गोल, त्यांना गोल सिलेक्शन शोभतं. पण जुने बझारुक, म्हणजे पोर्तुगीज काळातली हलक्या किमतीची नाणी, कथलाचे किंवा तांब्याचे, कुठे चेपलेले, कुठे कड तुटलेली, त्यांच्यावर परफेक्ट वर्तुळ टाकलं की कड कापली जाते नाहीतर मागचं टेबल आत येतं. तिथे सरळ चौकोनी क्रॉप करा, चारी बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून, आणि मिलिमीटरची पट्टी दिसत असेल तर ती पण राहू द्या.

पुढची आणि मागची बाजू शेजारी लावताना दोन्ही सरळ केल्या की त्यांच्यातला मूळ कोन कळत नाही, काही नाणी उभ्या रेषेवर उलटली की मागची बाजू सरळ दिसते, काही आडव्या रेषेवर, काहींची मधेच कुठेतरी तिरकी. ओळख पटवायला हा कोन लागतो, तो फाईलच्या नावातच लिहा. मूळ फोटो तसाच ठेवून कॉपीवर काम करा, जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देतो, म्हणून मधली फाईल पीएनजीत ठेवा, आणि कोणाला तपासायला पाठवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.